हा फोटो कुठे काढला?

निवृत्त झाल्यावर पुरुष बागेच्या मागे लागतात, नाहीतर बायकोच्या. आमचे हे कॅमेऱ्याच्या मागे लागले. मला ते बरंच वाटलं. दोन्ही हात गुंतलेले असतात, एक डोळा मिटलेला असतो आणि तोंडही बंद असतं.

शहरातल्या अशा हौशी लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात कोणी डोंगर टाकतो, कोणी बगळे, कोणी परदेशातल्या स्टेशनवरची रिकामी बाकं. ग्रुपचा मुख्य चष्मेवाला. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि सगळं शहर आपल्याच काचेतून बघतं असा त्याचा समज आहे. फोटो टाकला की बाकीचे खाली लिहितात, 'वा', 'सुरेख', 'प्रकाश काय पकडलाय'. ते सगळं तोंडदेखलं. खरी दाद एकच. कोणी विचारलं, 'कुठे काढला?' की समजायचं, ह्याला तिथे जाऊन तसाच काढावासा वाटतोय, म्हणजे ह्याचा जळफळाट झालाय. असं कोणी विचारलं की आमचे हे दिवसभर घरात शीळ घालत फिरतात. आणि लगेच सांगतात. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे वळायचं, ऊन कधी येतं, सगळं. जागा लपवणारा त्या ग्रुपात कद्रू ठरतो.

ह्याच सवयीने आमच्या घरात जे झालं ते सांगते.

आमच्या गच्चीला लागून एक खोली आहे. त्यात एक बाई भाड्याने राहते. शिवणकाम करते. मी तिला 'वरची' म्हणते, कारण आली तेव्हाच तिने सांगितलं होतं, "मावशी, दारावर नाव नको." नवऱ्याने हात उचलला तेव्हा तिने सोसलं. मग एकदा त्याने तिचा गळाच धरला, तेव्हा ती उठली आणि निघाली. त्यानंतर दोन घरं बदलली, दोन्हीकडे तो पोचला. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटलं, "माझ्या जिन्यावरून वर जायला आधी माझ्यासमोरून जावं लागतं. आणि माझ्यासमोरून जाणं माझ्या जावेलाही कधी जमलं नाही." ती हसली. घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसली असेल.

हे गुपित घरात मला आणि सुनेला माहीत होतं. ह्यांना सांगितलं नव्हतं. ह्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. मला आपलं वाटलं, जितकं कमी माहीत तितकं बरं. तिथेच गणित फसलं.

एका सकाळी हे गच्चीवर गेले, तर वरची चादर झटकत होती. ओली पांढरी चादर, मागून कोवळं ऊन, पाण्याचे थेंब हवेत उडालेले, आणि तिने तोंड वर करून डोळे मिटून घेतलेले. ह्यांनी दाराच्या आडूनच फोटो काढला आणि ग्रुपात टाकला. तिला विचारलं नाही. झाडाला कुठे विचारतो आपण, असं त्यांचं म्हणणं. चार दिवसांनी मला दाखवला, तेव्हा आम्ही चहा घेत होतो. मी बघितला आणि कप माझ्या हातात तसाच राहिला.

खोटं सांगणार नाही, फोटो चांगला होता. ह्यांचे सगळे सूर्यास्त एका बाजूला आणि हा एका बाजूला. तेच वाईट झालं.

"काढा तो," मी म्हटलं.

"काढलाय ना. बघ की कसला काढलाय."

"ग्रुपातून काढा म्हणते मी."

"अगं, आठवड्याचं चित्र झालाय तो. चष्मेवाल्याने मोठ्या ग्रुपात पाठवला. तिथे सगळ्या गावोगावची माणसं आहेत. आणि काल हात फिरवायचा दिवस होता."

हात फिरवणं म्हणजे त्यांचा एक खेळ. आठवड्यातून एकदा कोणाचा तरी एक फोटो निवडायचा आणि बाकीच्यांनी तो आपापल्या परीने सुधारून परत टाकायचा. एकाने काळा-पांढरा केला होता. एकाने आकाश नारिंगी केलं होतं. एका शहाण्याने चादर कापून टाकली होती आणि फक्त चेहरा मोठा ठेवला होता. गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. म्हणजे ह्यांनी एक पुसला तरी बाकीचे फिरतच राहणार.

मी ह्यांना खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. हे पलंगावर बसले. मग मोबाईल माझ्याकडे देऊन म्हणाले, "सूनबाईला वाचायला सांग. शेवटचं."

सून ऑफिसला निघाली होती. तिने दारातच उभं राहून वाचलं. मोठ्या ग्रुपातला कोणी 'वाटसरू' नावाचा. चेहऱ्याच्या जागी सूर्यास्त. त्याने विचारलं होतं, 'अप्रतिम. कुठे काढला?' ह्यांनी शहर सांगितलं, रस्ता सांगितला, आमच्या घरासमोरचं औषधांचं दुकान सांगितलं. मग त्याने विचारलं, 'ही बाई रोज असते का तिथे?' आणि ह्यांनी लिहिलं होतं, 'रोज सकाळी कपडे वाळत घालते. रविवारी आमचा ग्रुप गच्चीवर येणार आहे, तुम्हीही या.'

"आई," सून म्हणाली, "खाली त्याने लिहिलंय, 'नक्की येतो.'"

"त्याला खरंच फोटो काढायचा असेल," हे म्हणाले. "सगळे असंच विचारतात."

तेच तर होतं. सगळे असंच विचारतात. त्या प्रश्नावरून माणूस ओळखायला काही जागाच नव्हती.

मी वर गेले. वरची शाळेचे गणवेश शिवत होती. मी तिला फोटो दाखवला. तिने यंत्र थांबवलं, फोटो बघितला, आणि आधी काय म्हणावं, "मी अशी दिसते?" मग तिला बाकीचं कळलं. तिने खाटेखालून पिशवी ओढली.

"ठेव ती," मी म्हटलं.

"मावशी, मी जाते. तुमच्या घराला ताप नको."

"माझ्या घराला ताप झाला की मी बघेन. तू कुठे जाणार? पुढच्या गावी पण कोणीतरी कॅमेरा घेऊन बसलेलाच असेल. आता सगळ्यांकडेच आहे तो."

"हा वाटसरू कोण आहे कळलं तर..." ती म्हणाली. "तो स्वतः असं गोड लिहिणार नाही. पण दुसऱ्याकडून लिहून घेईल."

"रविवारी कळेल. तोवर तू खाली आमच्याकडे राहायचं."

तिने पिशवी आत ढकलली नाही, दाराशी ठेवली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

दुपारी मी चष्मेवाल्याच्या दुकानात गेले. वाटलं, मोठ्या ग्रुपातून तरी काढायला लावावा. खरं कारण सांगायची सोय नव्हती. त्याला सांगणं म्हणजे चौकात पाटी लावणं.

"तो चादरीचा फोटो काढून टाका," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघून गालात हसला. "का हो वहिनी? इतका सुंदर फोटो."

"मला नाही आवडला."

"भाऊंनी तरुण बाईचा फोटो काढला म्हणून?" त्याने आवाज खाली आणला, पण दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "वहिनी, ह्या वयात?"

एक गिऱ्हाईक चष्म्याची दांडी कानावर बसवता बसवता थांबलं. मला असं काही सुचलं होतं की त्या चष्मेवाल्याला पुढचे काही महिने काळाच चष्मा घालून फिरावं लागलं असतं. पण ते बोलले असते तर त्याने विचारलं असतं, मग खरं कारण काय. मी म्हटलं, "हो. ह्याच वयात."

"काढून तरी काय होणार," तो म्हणाला. "ज्याच्या त्याच्या मोबाईलवर उतरलाय. आता रविवारी येतोच आम्ही. वाटसरू म्हणून नवीन आहेत एक, खास त्या फोटोसाठी बाहेरगावाहून येतायत."

शनिवारपर्यंत घरात कोणी धड जेवलं नाही. मुलगा कामानिमित्त परगावी, त्याला कळवलं तर तो म्हणाला, पोलिसांत जा. वरची म्हणाली, आधीच्या गावात गेले होते. तिथल्या साहेबांनी नवऱ्यालाच बोलावून घेतलं आणि म्हणाले, गोडीगुलाबीने मिटवा. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

शनिवारी स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो. वरची, सून, मी आणि हे.

"कार्यक्रम रद्द करा," सून म्हणाली.

"मग तो एकटा येईल," मी म्हटलं. "पत्ता ह्यांनी देऊन ठेवलाय. एकटा आला तर मला दाराशी झोंबावं लागेल. दहा जणांत आला तर निदान चारचौघांत वागेल."

"बाई पाहुणी होती, गेली, असं सांगू," हे म्हणाले.

"रोज सकाळी असते असं कोणी लिहिलं?"

ह्यांनी मोबाईल माझ्यापासून लांब सरकवला.

मग मी म्हटलं, "सांगा, फोटो तुमचा नाहीच. कुठूनतरी उचलला."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चौकात कपडे काढायला सांगितलं. त्या लोकांत दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. एकाने एकदा दुसऱ्याचा बगळा टाकला होता. वर्षं झाली, तो रस्त्यात दिसला की हे लोक अजून पलीकडच्या फुटपाथवर जातात.

"तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे," हे म्हणाले. "आयुष्यातला."

"माहीत आहे."

वरची म्हणाली, "काका, नका तसं करू. मी जाते ना."

हे उठले आणि गॅलरीत जाऊन लेन्स पुसत बसले. पुसलेलीच होती. मी विचारलं, सांगणार ना? त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बेचाळीस वर्षांचा संसार, पण त्या दिवशी मला त्या पाठीवरून काही वाचता येईना.

रविवारी सकाळी सगळे आले. गळ्यात कॅमेरे, खांद्याला पिशव्या, वरातीसारखे. मी वरचीला आमच्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं आणि सुनेला तिच्याजवळ. खिडकीला पडदा होता. ती फटीतून रस्त्याकडे बघत होती. एकेक माणूस येत होता आणि ती मान हलवत होती, हा नाही, हा नाही. मग तिने सुनेचा दंड धरला.

"निळा सदरा," ती म्हणाली. "दीर आहे माझा."

त्याच्या गळ्यातही कॅमेरा होता. नवा, पट्ट्यावर दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. चेहऱ्याने माणूस अगदी सभ्य. मला वाकून नमस्कार केला. "मावशी, त्रास देतोय तुम्हाला," म्हणाला. मी म्हटलं, "अजून दिला नाहीत."

सगळे वर निघाले. मी गुडघे धरत मागून गेले. जिन्यात ह्यांच्या शेजारून जाताना मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गच्चीवर तेच ऊन होतं. लोक कठड्याशी वाकून रस्ता टिपायला लागले. निळा सदरा मात्र खोलीच्या दाराशी उभा राहिला. दाराला कुलूप नव्हतं. कुलूप लावलं तर प्रश्न आले असते. आत शिवणयंत्र दिसत होतं.

"इथे कोण राहतं?" त्याने विचारलं.

"कोण राहणार? माझं शिवणकाम असतं." मी आत जाऊन यंत्रावर बसले. "तुमचं बटण लोंबतंय. द्या सदरा, लावून देते."

"नको, राहू दे."

"बाहेरगावचं माणूस बटण लोंबवत परत गेलं तर आमची शोभा."

तो दोन पावलं मागे सरला. मग त्याने मोबाईल काढला आणि ह्यांच्याकडे वळला. त्याच्या मोबाईलवर तो कापलेला फोटो होता, फक्त चेहऱ्याचा. थेंबांचं सगळ्यांनी एवढं कौतुक केलं होतं, आणि ह्याने थेंबांशिवायचा नेमका ठेवून घेतला होता.

"भाऊ, ह्या बाई आज दिसत नाहीत?" तो म्हणाला. "त्यांचाच काढायचा होता."

गच्चीवरची सगळी माणसं वळली. चष्मेवाला म्हणाला, "हो, बोलवा की. आमचाही राहिलाय."

माझा पाय यंत्राच्या पायट्यावर होता. तो थरथरत होता आणि रिकामं यंत्र आपोआप खडखडत होतं. मी पाय उचलून घेतला.

हे म्हणाले, "ती बाई इथली नाही. तो फोटो माझा नाही."

चष्मेवाला हसला. "काय भाऊ, थट्टा करता. हा कठडा बघा. फोटोत हाच आहे. हा तडा सुद्धा आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कठडा आमचाच होता, टाकी आमची होती. उचललेला फोटो म्हणून आता कोणीच मानणार नव्हतं. निळ्या सदऱ्याने कठड्याकडे बघितलं, मग मोबाईलकडे, मग परत खोलीकडे.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. आणि म्हणाले, "कठडा माझा. चादर माझी. बाई माझी नाही. ती दुसऱ्या कोणाच्या फोटोतून कापून इथे जोडली."

उचलण्यापेक्षा हे वाईट होतं. ह्या लोकांत जोडकामाइतकं हलकं दुसरं काही नाही. एकाने तळ्यावर दुसरीकडचा चंद्र चिकटवला होता, तर त्याच्या मुलीच्या लग्नालाही ह्यातलं कोणी गेलं नाही.

"अहो, सावली आहे हिची," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज आता बदलला होता. "कठड्यावर पडलीय सावली."

"सावली केली. वेळ लागला, पण केली."

मागून बगळे काढणारा एक म्हातारा हळूच म्हणाला, "जमलीय मात्र छान." चष्मेवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत रस्त्याकडे वळला.

निळा सदरा पुढे आला. "पण तुम्ही लिहिलं होतं, रोज सकाळी असते."

"एक खोटं टाकलं की पुढचं सुचत जातं," हे म्हणाले. "लोक विचारायला लागले. मला बरं वाटलं."

"कोणाच्या फोटोतून घेतली?"

"आठवत नाही. कुठल्यातरी बंदरावरचा होता. जुना होता."

"मग कॅमेऱ्यात मूळ फोटो असेल ना तुमच्या? बघू."

त्याने हात पुढे केला. मला वाटलं, संपलं. मूळ फोटो त्या कॅमेऱ्यातच होता. हे काहीच पुसत नाहीत, बोट मध्ये आलेले फोटोसुद्धा ठेवतात. ह्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि त्याच्या हातात दिला. तो दाबत गेला, दाबत गेला. सूर्यास्त, आमची मांजर, सूर्यास्त, औषधांचं दुकान. चादर वाळत घातलेली होती, रिकामा कठडा होता. बाई नव्हती. ह्यांनी तो पुसून टाकला होता. कधी पुसला मला माहीत नाही. मला सांगितलं नव्हतं.

त्याने कॅमेरा परत दिला. "कमाल आहे तुमची," म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, खोलीत बघितलं. मी सुईत दोरा ओवत होते. ओवला जात नव्हता, पण मी मान वर केली नाही. जिन्यावरून तो खाली जाताना त्याच्या पायांचा आवाज स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबला. किती वेळ कोण जाणे. मग बाहेरचं दार वाजलं.

बाकीच्यांनी चहा घेतला नाही. बिस्किटं तशीच राहिली. चष्मेवाला जाताना ह्यांना म्हणाला, "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ह्यांनी मान हलवली. मी हजर होते, तोंड माझं जागेवर होतं, आणि मी काही बोलले नाही.

संध्याकाळच्या आत ह्यांना ग्रुपातून काढलं. मोठ्या ग्रुपातही कळवलं, म्हणजे सगळ्या गावोगावी झालं. सुनेने वाचून दाखवलं आणि मोबाईल पालथा ठेवला. वरची ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हे म्हणाले, "चेहरा मात्र सुंदर आला होता हो तुझा," आणि आंघोळीला गेले.

वरचीने पिशवी रिकामी केली नाही. मीही तिला आता म्हणत नाही. दिराने भावाला काय सांगितलं ते आम्हाला कसं कळणार? इथे नाही असं सांगितलं असेल. किंवा, म्हातारी यंत्रावर बसली होती पण तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, असंही सांगितलं असेल. दारावर थाप पडली की आम्ही चौघं आधी एकमेकांकडे बघतो, मग मी उठते.

परवा भाजी घेताना चष्मेवाल्याची बायको भेटली. तिथे बऱ्याच बायका होत्या. ती म्हणाली, "असं कसं केलं हो भाऊंनी? हौस असावी, पण दुसऱ्याचं कापून आणायचं म्हणजे अगदीच."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. त्यांना ठाऊक होतं आता काय होणार. दोघी तर नीट ऐकू यावं म्हणून जवळ सरकल्या.

"हो ना," मी म्हटलं. "मोह आवरला नाही त्यांना. वाईटच केलं."

ती गोंधळली. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"नाही," मी म्हटलं, भाजी पिशवीत टाकली आणि रस्त्यात अनोळखी कोण उभं आहे ते बघत घरी आले.